गरोदरपणात झिका झाला असल्यास नवजात बाळाची तपासणी कशी करून घ्यावी

झिका हा डासांमार्फत पसरणारा विषाणू असून गरोदरपणात त्याचा संसर्ग झाल्यास बाळाच्या मेंदूच्या आणि डोक्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. २०२४ साली पुणे शहरात झिकाचे जे रुग्ण आढळले, त्यांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. असा संसर्ग झाला असल्यास त्याचा अहवाल प्रसूतीच्या वेळीच बालरोगतज्ज्ञांच्या हाती द्यावा, कारण बाळाच्या पुढील तपासण्या त्यावरूनच ठरतात.

जन्मानंतर पहिल्या २४ तासांत बाळाच्या डोक्याचा घेर, न ताणल्या जाणाऱ्या टेपने, भुवयांच्या किंचित वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून मोजून घ्यावा. नुसत्या आकड्यावरून घाबरू नये. बाळ कितव्या आठवड्यात जन्मले आणि मुलगा आहे की मुलगी, हे पाहून तो वाढीच्या तक्त्याशी ताडावा लागतो. रक्ताचे व लघवीचे नमुने पहिल्या काही दिवसांतच द्यावेत. डोक्यावरच्या मऊ टाळूवाटे मेंदूची सोनोग्राफी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात करून घ्यावी.

डोक्याचा घेर योग्य भरला म्हणून निर्धास्त होणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण काही बाळांत डोक्याची वाढ नंतर मंदावते किंवा झटके, गिळण्यातील अडचण, हातापायांचा ताठरपणा अशी लक्षणे पुढे दिसू लागतात. म्हणून प्रत्येक लसीकरणाच्या भेटीत घेर पुन्हा मोजून नोंदवावा. स्तनपान मात्र, घरच्यांना कितीही धास्ती वाटली तरी, थांबवू नये.