शी ताजी असतानाच उचला: कुत्र्यांचे जंत माणसांपर्यंत पोचू नयेत म्हणून काय करायचं

कुत्र्याला हात लावू नको, जंत होतील, हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय. यातला जंतांचा भाग खरा आहे, हात लावण्याचा बराचसा चुकीचा. कुत्र्याच्या आतड्यात टोक्सोकारा नावाचा गोल जंत असतो, त्याची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा ती कच्ची असतात, म्हणजे त्या दिवशी चुकून कुणाच्या तोंडात गेली तरी आजार होत नाही. मातीत पडून राहिली, ऊब आणि ओल मिळाली, की साधारण 2 ते 4 आठवड्यांत (फार गरम असेल तर त्याहून थोडं लवकर) अंड्याच्या आत अळी तयार होते आणि तिथून पुढे ती अंडी काही वर्षं मातीत तग धरून राहतात. म्हणजे धोका कुत्र्याच्या अंगापेक्षा बागेतल्या मातीत जास्त आहे आणि आपल्याला जे काही करायचंय ते त्या पहिल्या काही दिवसांत.

सुरुवात पिल्लांपासून करा, मोठ्या कुत्र्यांपासून नाही. आईच्या अंगात, स्नायूंमध्ये वगैरे, झोपलेल्या अळ्या असतात आणि ती गाभण राहिली की त्या जाग्या होऊन पोटातल्या पिल्लांमध्ये जातात, थोड्या नंतर दुधातूनही जातात. त्यामुळे आईची शी तपासून स्वच्छ आली, घर चकाचक आहे, तरी पिल्लं जंत घेऊनच जन्माला येऊ शकतात. साधारण 3 आठवड्यांची झाली की त्यांच्या शीत अंडी यायला लागतात आणि एक मादी जंत दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते! म्हणून डीवॉर्मिंग, म्हणजे जंताचं औषध, दुसऱ्या आठवड्यापासून, मग 4, 6 आणि 8 व्या आठवड्याला, पुढे 6 महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा. आईलाही पिल्लांसोबतच द्यायचं, हे बरेच जण विसरतात. तिचं दूध चालू आहे हे डॉक्टरांना सांगून औषध घ्या.

डोस वजनावर असतो, अंदाजावर नाही. पिल्लू काट्यावर स्थिर बसत नाही, तर त्याला उचलून स्वतः वजन करा, मग एकट्याचं करा, आणि वजा करा. पायरँटेल, फेनबेंडाझोल ही नावं प्राण्यांचे डॉक्टर लिहून देतात, कुठलं आणि किती ते त्यांना ठरवू दे. घरातली माणसांची अल्बेंडाझोलची गोळी अर्धी तोडून देणारे लोक असतात, कृपा करून तसं करू नका, कुत्र्यांमध्ये तिच्यामुळे रक्तपेशी कमी होऊ शकतात. आणि औषधानंतर 2-3 दिवस शी जास्त काळजीने उचला, कारण मेलेले जंत बाहेर येतात आणि मादीच्या पोटातली अंडी मेलेली असतीलच असं नाही.

मोठ्या कुत्र्याला साधारण दर 3 महिन्यांनी औषध, किंवा मग तेवढ्याच अंतराने शीची तपासणी. पण एकदा तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे जंत नाहीत असं नसतं, जंत अजून लहान असेल तर अंडीच घालत नसतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय, हा खरा अवघड प्रश्न, कारण पाळलेल्यांना औषध दिलं आणि गल्लीतली तशीच राहिली तर मातीचा हिशोब काही बदलत नाही. जे लोक रोज त्यांना खायला घालतात त्यांनाच हाताशी धरा, कुत्री त्यांच्याकडेच येतात. औषध एका मोठ्या ताटात कालवून ठेवलं तर दांडगा कुत्रा सगळं खाऊन टाकतो आणि बाकीचे कोरडेच, म्हणून प्रत्येकाला वेगळा घास, डॉक्टरांना विचारून, आणि कुणाला दिलं त्याचा फोटो काढून ठेवायचा. व्यालेल्या कुत्र्या आणि त्यांची पिल्लं सगळ्यात आधी. नसबंदी झाली की नवीन पिल्लंच कमी होतात, त्यामुळे माझ्या मते तोही जंतांवरचाच उपाय आहे.

आता शी. त्याच दिवशी उचला, पिशवी गाठ मारून कचऱ्यात. माती ढकलून झाकायची नाही, त्याने अंड्यांना हवी तशी ओली सावली मिळते. भाज्यांच्या वाफ्यात खत म्हणून तर अजिबात नाही. फरशीवर फिनाईल किंवा ब्लीच ओतून लोक निश्चिंत होतात, पण या अंड्यांचं कवच इतकं जाड आणि चिकट असतं की त्याने ती मरत नाहीत. आधी खरवडून उचला आणि मग उकळतं पाणी किंवा वाफ, उष्णतेने मरतात. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यावर रात्री झाकण टाका, तिथे मांजरीही येतात आणि त्यांचाही असाच एक जंत असतो.

लहान मुलं माती खातात, बोटं चोखतात, म्हणून त्यांना जास्त धोका. खेळून आल्यावर साबणाने हात, नखं कापलेली, कच्च्या भाज्या नीट धुतलेल्या. कोंबडीचं लिव्हर वगैरे अर्धंकच्चं खाऊ नका, त्यातूनही अळ्या येतात.

माणसाच्या शरीरात ही अळी मोठी होत नाही, ती यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात भटकते. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, पण रेंगाळणारा ताप, खोकला, पोटदुखी, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर घरात कुत्र्याचं पिल्लू आहे किंवा मूल माती खातं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांनी विचारलंच नाही तर हे सुटून जातं. शी तपासून काही कळणार नाही, माणसात हा जंत अंडी घालतच नाही, त्यासाठी रक्ताची अँटीबॉडी टेस्ट असते. आणि मुलाला एका डोळ्याने धूसर दिसतंय किंवा डोळा तिरळा व्हायला लागलाय, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मेडिकलमधून जंताची गोळी आणून वाट बघत बसायचं नाही.

जाता जाता, खाटिकाकडचं टाकाऊ कच्चं लिव्हर-फुप्फुस कुत्र्यांना टाकायची सवय असेल तर ती बंद करा. त्यातून वेगळाच, पट्टकृमीचा प्रकार कुत्र्यात जातो, माणसात त्याने पाण्याच्या गाठी होतात, आणि कुत्र्यातल्या या जंतावर प्राझिक्वांटेल लागतं, नुसतं पायरँटेल दिलं तर तो तसाच राहतो. त्याची अंडी तर शीतून निघतात तीच तयार असतात, तिथे उशिरा उचलायची मुभाच नाही.