बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसताय? मग तक्ता नीट भरायला शिका

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री आपला वनविभाग सामान्य माणसाला जंगलात मचाणावर बसू देतो. ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा, अशा ठिकाणी. जंगलातलं पाणी आटत आटत मोजक्या पाणवठ्यांवर आलेलं असतं आणि चांदणं लख्ख असतं. एका जागी बसायचं आणि पाण्यावर कोण कोण आलं ते तक्त्यात लिहायचं, एवढंच काम. पूर्वी याला पाणवठ्यावरची गणना म्हणत, आता निसर्गानुभव म्हणतात. नाव बदललं ते बरंच झालं, कारण वाघांचा अधिकृत आकडा या रात्रीतून निघत नाही. तो २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी अंदाजातून येतो. त्यात कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून, अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात.

म्हणून तक्ता कसाही भरला तरी चालतो, असं सांगणारे अनुभवी लोक तुम्हाला गेटवरच भेटतील. त्यांचं ऐकू नका. तक्ता भरायचा नसेल तर सफारी करा, निदान रात्री पाठ टेकायला गादी मिळेल.

नोंदणी वनविभागाच्या सूचनेवर लक्ष ठेवून करा, जागा मोजक्या असतात. मातकट कपडे, चार-पाच लिटर पाणी, वास न येणारं जेवण. अत्तर नाही, डास पळवायचं मलम नाही. दुपारी ऊन असतानाच मचाणावर सोडतात आणि सकाळी गाडी येईपर्यंत खाली उतरायचं नसतं, तेव्हा लघवीची सोय वरच करा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. टॉर्च आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी. 'फोटोपुरता एकदाच मारला टॉर्च' म्हणणारा सोबती मिळाला, तर जोडी बदलून मागा.

आता तक्त्याचं. इथेच मी दोन वर्षं सपशेल आपटलो.

पहिल्या वर्षी मी सकाळी चितळांचा आकडा लिहिला त्रेचाळीस. स्वतःवर खूश होतो. सोबतच्या वनरक्षकाने माझी वही चाळली आणि विचारलं, "साहेब, हे तीनदा आले ते कुठून आले?" मला सांगता येईना. कळप बांबूतून आला, पाण्याजवळ बिचकला, परत गेला, अर्ध्या तासाने पुन्हा आला. दर वेळी मी नव्याने मोजला होता. त्रेचाळीसातले खरे पंधरा-सोळाच असावेत.

तेव्हापासून माझा नियम असा: प्रत्येक नोंदीत वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, आणि आला कुठून व गेला कुठे. शेवटचे दोन रकाने छापील तक्त्यात नसले तरी कच्च्या वहीत हवेतच. पूर्वेकडे गेलेला सात जणांचा कळप वीस मिनिटांत पूर्वेकडूनच सातच्या संख्येने आला, तर तो तोच धरायचा आणि पुढे 'पुन्हा' लिहायचं. शंका आली की कमी आकडा घ्यायचा. जास्त आकड्याने जंगल मोठं होत नाही.

अंधारात लिहायचं कसं? पेन्सिलीने. आडव्या-तिडव्या हाताने धरलेलं बॉलपेन नेमकं वेळेला उमटत नाही आणि ते तुम्हाला सकाळी कळतं. अक्षर बोराएवढं काढा. लिहिलेल्या ओळीखाली डाव्या हाताचा अंगठा ठेवा, पुढची ओळ अंगठ्याच्या खाली. हे न केल्याने माझ्या एका पानावर रानडुक्कर आणि सायाळ एकमेकांवर लिहिले गेले आणि दोन्ही वाचता आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी चूक नर-मादीत झाली आणि ती जास्त लोक करतात. रात्री सांबरं आली, एकालाही शिंगं नाहीत, मी सगळ्या माद्या लिहून मोकळा. सांबराच्या नराची शिंगं उन्हाळ्याच्या सुमारास गळतात. मे महिन्यात कुणाचं डोकं बोडकं असतं, तर कुणाला मखमल चढलेले आखूड कोंब फुटलेले असतात. तेव्हा शिंगं शोधू नका, मान बघा. नराच्या मानेवर दाट, राठ आयाळ असते आणि अंग बोजड असतं. चितळाचं उलट. मे महिन्यात बहुतेक नरांची शिंगं पक्की असतात, तिथे घोळ कमी. गव्याच्या मादीलाही शिंगं असतात, म्हणून गवा शिंगांवरून सांगूच नका. चांदण्यात रंग दिसत नाही, त्यामुळे नीलगाईचा निळा नर आणि तपकिरी मादी हे पुस्तकातलं ज्ञान घरी ठेवून या. तिथे शिंगं आणि गळ्याखालचा केसांचा झुपका बघा. गव्याचे पांढरे पायमोजे मात्र चांदण्यात आधी दिसतात, गवा मागून.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ओळख पटली नाही तर 'ओळख पटली नाही' असंच लिहा. पहाटे तीनच्या सुमारास पाण्याकडेला काहीतरी लांबट, खाली वाकलेलं असतं आणि सोबती कानात फुसफुसतो, "बिबट!" एकदा मी तसं लिहिलंही. मग ते उजेडाच्या पट्ट्यात आलं, तर उदमांजर. जवळपास मोजायला दुसरं काही नसलं की आकार असाच फसवतो. म्हणून दिवसा उजेड आहे तोवर काठावरचे दोन-तीन दगड, एखादा ओंडका नीट बघून ठेवा. रात्री प्राणी त्यांच्या शेजारी उभा राहिला की उंची आपोआप कळते.

नुसता आवाज ऐकला तर तोही वेगळा लिहा, दिसलेल्यांत मिसळू नका. चितळाचा धोक्याचा आवाज आला म्हणजे वाघ आला असं नाही, काहीतरी बिचकवणारं आहे एवढंच.

दोन ते चार हा वेळ जड. तेव्हा दोघांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा, दोघांनीही जागण्याचा हट्ट धरला की दोघेही झोपतात. त्याच वेळी चंद्र पश्चिमेला कललेला असतो आणि झाडांची सावली पाण्यावर येते. आधी स्वच्छ दिसणारा काठ काळा होतो. मी एकदा वीस मिनिटं त्या काळ्यात काहीच नाही म्हणून बसलो होतो. मग पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मग दुसरं. सांबर तिथे आधीपासून उभं होतं. एक कान हलला तेव्हा कुठे ते मला दिसलं. पाणी प्यायला मान खाली घालण्याआधी त्याने पुन्हा तितकाच वेळ घेतला.

काहीच आलं नाही, तरी तासाला एक 'निरंक' लिहा. रिकाम्या पानावरून तुम्ही जागे होता की झोपला होता हे कुणालाच कळत नाही.

(या मचाणांवरून कधीकाळी शिकारी बसत, खाली बोकड बांधून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपण पेन्सिल घेऊन बसतो, पण ताटकळणं तेच.)

उजाडलं की कच्च्या वहीवरून पक्का तक्ता भरा, सही करा, तो वनरक्षकाकडे द्या. कच्ची वही घरी न्या.

गाडीला उशीर झाला तरी उतरू नका. एका सकाळी आमची गाडी साडेसातला आली. पावणेसातला मचाणाच्या अगदी खालून अस्वल गेलं, दोन पिल्लं पाठीवर घेऊन. तक्ता सही करून घडी घातलेला होता, तो पुन्हा उघडावा लागला.