सीपीएल हाती आल्यावर एअरलाइनची तयारी: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हाती आलं की लगेच अर्ज भरायला बसू नका, आधी नाव तपासा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. लायसन्स, मेडिकल, आरटीआर (रेडिओवर बोलण्याचा परवाना), पासपोर्ट आणि आधार टेबलावर ओळीनं मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. 'चव्हाण'मध्ये एका कागदावर 'व्ही'नंतर 'एच' आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून पडताळणी अडते. दहावी-बारावीच्या पडताळणीचं कोल्हापूर विभागीय मंडळाचं पत्र जपून ठेवा, प्रती काढून ठेवा.

पुढचं काम लॉगबुकचं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीचं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. 1 तास 45 मिनिटं म्हणजे 1.75; ते 1.45 धरून बेरीज केली की पानागणिक फरक वाढत जातो. एकूण 200 तास, त्यातले 100 पीआयसी (म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे), रात्रीचे 5 तास आणि 10 टेकऑफ-लँडिंग हे आकडे मुलाखतीत कुठल्याही पानावरून विचारतात. प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा करा, इन्स्ट्रक्टरची सही राहिली असेल तर आत्ताच घ्या. फ्लाइंग स्कूल सोडून वर्ष झालं की इन्स्ट्रक्टर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

चाळिशीच्या आत क्लास वन मेडिकल 12 महिने चालतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (आयआर, म्हणजे बाहेरचं न दिसता काट्यांवर विमान चालवण्याची परवानगी) 12 महिनेच. आयआरची मुदत जून ते सप्टेंबरमध्ये संपत असेल तर मे महिन्याआधीच त्याची उड्डाण चाचणी उरकून घ्या. पावसाळ्यात बारामतीला काय किंवा आणखी कुठे काय, ढग खाली आले की चाचणीचं मल्टी-इंजिन विमान उभंच राहतं. पायलटच्या इंग्रजी चाचणीत पातळी किमान चार लागते.

जाहिरातीत 'नॉन-टाइप रेटेड' लिहिलंय की 'टाइप रेटेड', ते नीट वाचा; टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची वेगळी परवानगी. कॅडेट योजना मुख्यतः कोऱ्या पाटीच्या, म्हणजे अजून उडायला न शिकलेल्या मुलांसाठी असतात. बोलावणं नसताना पदरचे लाखो रुपये घालून टाइप रेटिंग करू नका, असं आमचं स्पष्ट मत. अकासाकडे 737, इंडिगोकडे मुख्यतः ए320 आणि एटीआर. चुकीच्या विमानाचं रेटिंग घेतलं तर ते नुसतं शिळं होत पडतं.

निवडीत लेखी, सायकोमेट्रिक (स्वभाव आणि कल तपासणारी चाचणी), सिम (सिम्युलेटर, विमानाची नक्कल करणारं यंत्र) आणि मुलाखत असे टप्पे येतात. क्रम कंपनीगणिक बदलतो. सिममध्ये माणसं काट्यांचा पाठलाग करत बसतात आणि तिथेच घसरतात. पिच (नाकाचा कोन) आणि पॉवर (इंजिनची ताकद) ठरवा, ट्रिम करा (विमान हात न लावता तसंच राहील असं बसवा), मग काटे बघा. तोंडी हिशेब पाठ हवेत: तीन अंशांच्या उतारावर ग्राउंड स्पीड गुणिले पाच, म्हणजे 140 नॉटला मिनिटाला 700 फूट खाली.

निवड झाली की ग्राउंड क्लास, फुल फ्लाइट सिम्युलेटर, बेस ट्रेनिंग आणि मग लाइनवर देखरेखीखालची उड्डाणं. बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम घरच्यांसोबत बसून वाचा. जामीनदार लागतो का, तेही विचारून घ्या.

गुरुग्रामला बोलावलं असेल आणि मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं निघत असाल, तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळीच दिल्लीत पोचाल असं तिकीट काढा. मूळ कागदांची फाइल अंगाशी ठेवा, डब्यातल्या बॅगेत नको.