जुन्या इंग्रजी बातम्यांत शब्द शोधायचा असेल तर

जुन्या वर्तमानपत्रांतल्या इंग्रजीवर प्रकल्प घेतलेली मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा आलेख घेऊनच. अमुक शब्द या दशकात इतक्या वेळा आला, पुढच्या दशकात दुप्पट झाला, वगैरे. आलेख दिसतो झकास. मी एवढंच विचारते, यातल्या ओळी किती वाचल्यास?

'कॉम्प्युटर' हाच शब्द घ्या. २ मे १८९२ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये 'कॉम्प्युटर पाहिजे' अशा अर्थाच्या मथळ्याखाली छोटासा मजकूर आहे. नॉटिकल अल्मनॅक ऑफिसातल्या, म्हणजे जहाजांसाठी ग्रहताऱ्यांचं पंचांग काढणाऱ्या सरकारी कचेरीतल्या, जागेसाठी वॉशिंग्टनला परीक्षा, विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र. म्हणजे हा कॉम्प्युटर हाडामांसाचा, आकडेमोड करून पगार घेणारा. नुसत्या मोजणीत मात्र तो आणि आजचा लॅपटॉप एकाच खात्यात जमा होतात.

माणूस की यंत्र, हे ओळखायला शेजारचा शब्द बघायचा. 'कॉम्प्युटर हू' (who, माणसासाठीचा 'जो') असं जोडीने शोधलं की बहुतेक माणसं हाती लागतात. 'कॉम्प्युटर विच' (which, वस्तूसाठीचा 'जे') शोधलं की यंत्रं. फेब्रुवारी १९४६ मध्ये सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक एनिअ‍ॅक जगापुढे आला तेव्हा त्याच वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर' असं आहे. नुसतं 'कॉम्प्युटर' म्हणून तेव्हा भागत नव्हतं. ते विशेषण पुढे कधी गळून पडतं, हे शोधणं माझ्या मते एकूण आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

सुरुवातीला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' किंवा ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' पुरे. जुन्या वर्तमानपत्रांचे हे दोन्ही ऑनलाइन संग्रह फुकट आहेत. पण तिथे शोधला जातो तो मजकूर स्कॅनवरून यंत्राने वाचलेला असतो, म्हणून प्रत्येक वेळी मूळ पानाचं चित्र उघडायचंच. शाई फुटलेली असते, ओळीच्या टोकाला शब्द मोडलेला असतो. अठराव्या शतकातल्या छपाईतला लांबडा 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो आणि 'सेम'चं 'फेम' होऊन बसतं. आणि हे शब्द खरे असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही! जुनी स्पेलिंगं वेगळी शोधावी लागतात. 'टुडे' मध्ये जोडरेघ घालून लिहायची पद्धत विसाव्या शतकातही काही काळ टिकून होती.

वृत्तसंस्थेची एकच तार असंख्य वर्तमानपत्रांत जशीच्या तशी छापली जाते, तेव्हा एका वाक्याची पन्नास वाक्यं होतात. अशा नकला आधी काढून टाका.

जाहिराती आणि नोकरीच्या सूचना मात्र काढू नका. 'त्या बातमीचा भाग नाहीत' असं म्हणून काही मार्गदर्शक त्या वगळायला लावतात. मला ते पटत नाही. माणूस-कॉम्प्युटरला काय यायला हवं, परीक्षा कुठे, पगार किती, हे तिथेच लिहिलेलं असतं. अग्रलेखात कोण कशाला लिहील?