लॉनवरचं लग्न आणि वळीव: हाती असलेल्या अर्ध्या तासाचं गणित

एप्रिल उजाडला की हवामानवेड्यांच्या गटात दोन प्रकारचे निरोप एकमेकांत मिसळू लागतात. एकीकडे ‘भाचीचं लग्न आहे मेमध्ये, लॉनवर, पाऊस येईल का?’ आणि दुसरीकडे ‘पूर्वेला बघा, काय माजलाय ढग!’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर महिनाभर आधी कुणालाच देता येत नाही; देतो म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं. वळवाचा ढग तासाभरात उभा राहतो आणि एका पेठेत धो धो कोसळून शेजारची पेठ कोरडी ठेवतो. तुमच्या लॉनवर तो येणार हे खात्रीनं कळतं ते अर्धा-पाऊण तास आधी. सगळी तयारी त्या अर्ध्या तासासाठी करायची असते.

तारखेपेक्षा घड्याळ बघा

पत्रिका छापायच्या आधीच निम्मा धोका टाळता येतो. जमीन दुपारी तापते, दमट हवा वर उचलली जाते आणि घाटमाथा ते मराठवाडा या पट्ट्यात ढग साधारण तीन ते सातच्या दरम्यान फुटतात. म्हणजे गोरज मुहूर्त नेमका वादळाच्या तोंडी येतो, आणि सातचं स्वागत समारंभाचं जेवण ओल्या गवतावर. मे महिन्यात सकाळचा किंवा साडेबाराचा मुहूर्त मिळत असेल तर तो घ्यावा. ऊन लागेल, पण मांडव उडणार नाही. मुंजीला ही अडचण सहसा येत नाही, ती सकाळीच लागते. डोहाळजेवणाचा झोपाळा मात्र हमखास संध्याकाळी गच्चीवर बांधतात, आणि विजांच्या वेळी गच्चीइतकी वाईट जागा नाही.

कोकणात आणि मुंबईत मेचा शेवटचा आठवडा कोरडा धरू नये. मुंबईत मान्सून पोचायची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ साली तो २६ मेलाच पोचला. २० मेनंतरचं कार्य असेल तर पक्कं छप्परच घ्या. लॉन फक्त फोटोंपुरतं.

चार दिवस आधीपासून काय बघायचं

चार दिवस आधी एवढंच बघायचं की हवा वळवाची आहे की नाही. विंडी या हवामानाच्या ॲपवर युरोपीय आणि अमेरिकी अशी अंदाजाची दोन्ही मॉडेलं उघडा. दोन्ही सलग दोन दिवस तुमच्या भागात दुपारनंतर पाऊस दाखवत असतील तर मंडपवाल्याला फोन करा. एकच दाखवत असेल तर थांबा. पावसाच्या मिलिमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, वळवाच्या बाबतीत तो आकडा जवळपास निरर्थक असतो. त्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं ते: देशावर दुपारी तो १८ ते २० अंशांच्या वर टिकून असेल तर हवेत माल, म्हणजे बाष्प आहे, १० च्या आसपास असेल तर ढग दिसतील, गडगडतील, पण बहुधा थेंबांऐवजी धूळच अंगावर येईल.

कार्याच्या दिवशी सकाळी आठ-नऊला आकाश बघा. मधल्या उंचीवर एका रांगेत, किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे वाढलेले छोटे ढग दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे. अकरालाच कोबीच्या गड्ड्यासारखे ढग फुगायला लागले असतील तर दुपारी रडारवर कोण लक्ष ठेवणार ती पाळी आताच ठरवून टाका.

रडार वाचताना होणाऱ्या चुका

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ ॲपवर रडारची चित्रं मिळतात: कुलाबा आणि वेरावली (दोन्ही मुंबईत), गोवा, नागपूर. चित्र साधारण दहा मिनिटांनी बदलतं. घोळ बहुतेक पुढच्या चार ठिकाणी होतो.

वेळ: चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. ११:३० म्हणजे संध्याकाळचे पाच. अडकून पडलेलं तासभर जुनं चित्र पाहून ‘आकाश मोकळं आहे’ असं जाहीर करणारा गटात दर वर्षी एक तरी निघतो.

चित्राचा प्रकार: मॅक्स-झेड हे त्या क्षणी ढगात असलेलं जास्तीत जास्त परावर्तन, म्हणजे थेंबांवरून परत आलेल्या रडारलहरींचा जोर. पीएसी हा चोवीस तासांत साठलेला पाऊस, त्यात काल रात्रीचाही धरलेला असतो. ते बघून मांडव सोडवू नका.

रंग: रंगांवरून परावर्तन डीबीझेड या एककात कळतं. २० ते ३० डीबीझेड म्हणजे भुरभुर, ४५ च्या आसपास जोरदार सर, ५५ च्या वर गारांची दाट शक्यता.

अंतर: रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. कुलाब्याचा अर्ध्या अंशावरचा किरण पुण्यावर येईपर्यंत दोन किलोमीटरच्या आसपास उंच गेलेला असतो, त्यात मध्ये सह्याद्री. त्यामुळे ढगाचं पोट दिसतं, पण जमिनीलगत पळणारा वारा दिसत नाही. तिथे माणसाचे डोळेच लागतात.

वेग काढायला अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रं घ्या. ढगाचा सगळ्यात जोरदार, लाल गाभा १२ किलोमीटर सरकला असेल तर वेग ताशी २४. लॉनपासून तो ३६ किलोमीटरवर असेल तर हिशेबानं दीड तास. पण हातात पाऊणच तास आहे असं धरा, कारण वळवाचा ढग चालत कमी येतो. तो पुढे थंड वारा फेकतो आणि त्या वाऱ्यावर नवा ढग उभा राहतो. उपग्रहाच्या चित्रावर जास्त विसंबू नका. ढगाचा पसरलेला माथा अर्धा जिल्हा पांढरा करून टाकतो, पाऊस मात्र एका कोपऱ्यात असतो.

विभागाचा तीन तासांचा इशारा जिल्ह्यासाठी असतो. पुणे जिल्ह्याला नारिंगी रंग दिला तर तो जुन्नरसाठी की इंदापूरसाठी, हे त्यातून कळत नाही. दोन्हींत सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप ठेवा, ते २० आणि ४० किलोमीटरच्या आत पडलेल्या विजा दाखवतं.

गटाला कामाला लावणं

गटातल्या कुणाच्या घरी कार्य असेल, तर त्या दिवशी बाकीच्यांनी अभिनंदनाच्या फुलांबरोबर नोंदीही पाठवाव्यात. ‘भयंकर वातावरण झालंय!!’ हा निरोप कुणाच्याच कामाचा नाही. कामाचा निरोप असा: ‘५:१०, उरुळी कांचन, पूर्वेला काळं, वारा सुटला, धूळ, पाऊस अजून नाही, वीज ते गडगडाट १५ सेकंद.’ वेळ, जागा, दिशा, वारा, सेकंद. गारा असतील तर वाटाणा, बोर की लिंबू, तेवढं सांगा. सेकंदांना तीननं भागलं की विजेचं किलोमीटरमधलं अंतर मिळतं.

लॉनच्या भोवती १५ ते २५ किलोमीटरवर, ढग येण्याच्या दिशेला, दोन माणसं असली तरी पुरे. आणि मांडवात निरोप वाचणारा एकच ठेवा. वधूचा मामा त्यासाठी नको. ऐन वेळी तो मुलीमागे उभा असतो, खिशातला फोन काढायची सोय नसते. वराचा मित्रही नको, तो वरातीत नाचत असतो.

मांडवात आधी ठरवायच्या गोष्टी

गुरुजींशी आदल्या दिवशीच बोला. मुहूर्त हलत नाही, पण बोहलं हलतं. लॉनशेजारी पक्कं सभागृह असेल तर तिथे दोन पाट, अंतरपाट, अक्षता आणि समई आधीच मांडून ठेवा. मग फक्त माणसं हलवायची राहतात, आणि दहा मिनिटांत ते जमतं. सामानही हलवायचं ठरवलं तर चाळीस लागतात.

ताडपत्रीला उतार हवा, मीटरला निदान २० सेंटिमीटर. सपाट छतावर पाणी साठतं, आणि त्याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १० बाय १० मीटरच्या मांडवावर २० मिलिमीटर साठला तर दोन टन. ते पाणी मधून बांबूनं उचलू नका, फाटलं तर सगळं डोक्यावर. कडेपासून थोडं थोडं काढा.

पण मांडव पाडतो तो पाऊस नव्हे, त्याच्या आधीचा वारा. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून चौरस मीटरला साधारण १७ किलो रेटतो. स्टेजमागचा ३ बाय १० मीटरचा फुलांचा पडदा म्हणजे अर्धा टन. ताशी ३० ला हाच रेटा चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून धुळीची भिंत दिसली किंवा अचानक गार झुळूक आली की पहिल्यांदा कनाती सोडायच्या, मग मागचा पडदा. एक बाजू उघडी नि समोरची बंद ठेवली तर मांडवाचं शीड होतं. सोडायच्या तर दोन्ही. छत्री धरवेना म्हणजे वारा ताशी ४० च्या घरात गेला, तोवर स्टेजवर कुणीही नको. डेकोरेटर ‘काही होत नाही साहेब’ म्हणेल. त्याच्याकडून कोण किती सेकंदांत कुठली दोरी सोडणार हे आधी वदवून घ्या.

पाहुण्यांच्या गाड्या होर्डिंगखाली लावू देऊ नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण गेले.

वायरींचे जोड गवतावर नकोत, विटांवर उचलून ठेवा, आणि मुख्य बोर्डावर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आहे का ते बघा. पावसाचे थेंब पडायला लागले की लॉनवरचे दिवे आणि साउंड मेनवरून बंद.

वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर आलं की सगळे आत. मांडव म्हणजे आत नव्हे. लोखंडी पाइपांखाली आणि झाडाखाली सारखाच धोका. पक्की इमारत, नाहीतर काचा लावलेली बस किंवा मोटार. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, पाऊस थांबला तरी. माणसं नेमकी याच वेळी बुफेच्या टेबलांकडे धावतात. जिलेबी भिजू द्या.

फोटो आणि नोंद

ढगाच्या कडेची कमान फोटोत यावी असं कुणालाही वाटेल, नवरा-नवरीलाही. ती वारा पोचण्याआधी पाच-दहा मिनिटं उत्तम दिसते, पण वीज तेव्हाच जवळ आलेली असू शकते, म्हणून फोटो सभागृहाच्या दारातून घ्या. विजेचा फोटो हवा असेल तर मोबाइल खिडकीच्या गजाला न टेकवता आत टेबलावर ठेवून व्हिडिओ काढा आणि नंतर त्यातली चौकट निवडा.

पर्जन्यमापक सरळ भिंतीचा, उघड्यावर, मांडवाच्या कडेपासून लांब ठेवा. ताडपत्रीवरून ओघळलेलं पाणी मोजलं तर गावात महापूर आला असं वाटेल. आणि वहीत लिहिताना एक लक्षात असू द्या: हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १२ तारखेच्या संध्याकाळी अक्षतांवर पडलेला पाऊस अधिकृत तक्त्यात १३ तारखेला दिसतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तो आकडा शोधायला जाल तेव्हा लग्नाच्या तारखेसमोर शून्य दिसेल, म्हणून वहीत दोन्ही तारखा लिहून ठेवा.