स्किल चेकवर खेळ अडतोय? या चुका टाळा

जुलैचा पाऊस, टिळकवाडीतलं घर, टेबलावर कुंद्याचा डबा आणि आलेखाच्या कागदावर काढलेला राजहंसगड. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळत होतो: प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र होतो, डन्जन मास्टर म्हणजे डीएम गोष्ट चालवतो, आणि अडलेलं काम पात्राला जमलं का हे फासा टाकून ठरतं. त्यालाच स्किल चेक म्हणतात. चौघे खेळाडू कोठाराच्या दाराशी पोचले. दाराला कुलूप. हेर झालेल्या मुलाने फासा टाकला, बेरीज आली ८. "थांब, मी बी बघतो की," म्हणत दुसरा पुढे सरकला. त्याचे ११. मग तिसरा, मग चौथी. दार काही उघडेना, आणि पुढची सगळी गोष्ट मी त्या दारामागेच ठेवलेली. पाऊण तास आम्ही एका कुलपासमोर बसून होतो.

खेळ मी चालवत होतो, त्यामुळे चूक माझी होती. त्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांबरोबर खेळताना हाच अडथळा वेगवेगळ्या रूपांत पाहिला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरून लिहितोय, कारण आमच्या टेबलावर तेच चालतात.

हिशेब सोपा आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या गुणाचा (ताकद, चपळाई वगैरे) मॉडिफायर, म्हणजे अधिक-उणे आकडा, मिळवायचा, आणि त्या कामात पात्र तयार असेल तर प्रोफिशियन्सी बोनसही. पहिल्या लेव्हलला हा बोनस +२ असतो. बेरीज डीएमने ठरवलेल्या डीसीइतकी (काम किती अवघड त्याचा आकडा) किंवा जास्त झाली की काम फत्ते. सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०.

हरलं तर काय, हे न ठरवता फासा मागणं

सगळ्यात जास्त खेळ इथे बिघडतात. फासा टाकायला सांगण्याआधी डीएमने स्वतःला विचारावं: हा हरला तर पुढे काय घडतं? उत्तर "काहीच नाही, परत टाकेल" असं असेल तर फासा मागूच नये. उन्हाळ्याच्या दुपारी, हाताशी भरपूर वेळ असताना गडाचा चढ चढायला कुणी फासा टाकत नाही, चढले म्हणायचं आणि पुढे जायचं. तोच चढ श्रावणातल्या रात्री, शेवाळलेल्या दगडांवरून, मागे मशाली दिसत असताना चढायचा असेल तर जरूर टाका. तिथे हरण्याला अर्थ आहे.

आणि ज्या दारामागे गोष्ट आहे ते दार उघडलंच पाहिजे. फासा फक्त किंमत ठरवतो. कुलूप निघालं, पण हत्यार आत मोडलं. कुलूप निघालं, पण इतका वेळ गेला की पहारेकऱ्याची पावलं जिन्यावर वाजू लागली. खेळाडूंना हरल्याचं वाईट वाटतं, पण हात बांधून बसावं लागत नाही.

"परसेप्शन टाकू?"

परसेप्शन म्हणजे आजूबाजूचं टिपण्याचं स्किल. खेळाडू आधी असं स्किलचं नाव घेतो आणि फासा टाकूनही मोकळा होतो. त्याला थांबवा आणि विचारा, तू नेमकं काय करतोस? "उंबऱ्याजवळची धूळ बघतो, कुणाचे पाय उमटलेत का" असं तो म्हणाला की कोणता चेक हे डीएमने सांगायचं. कित्येकदा चेक लागतच नाही: धूळ बघितली, पाय दिसले.

याच्या उलट चूक डीएमची. दबा धरलेला शत्रू कुणाला दिसतो का हे बघायला तो सगळ्यांना परसेप्शन टाकायला सांगतो, आणि टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं की काहीतरी लपलंय. त्यासाठी पॅसिव्ह, म्हणजे फासा न टाकताच धरायचा, आकडा असतो, १० अधिक पात्राचा परसेप्शनचा बोनस. सुरुवातीलाच चौघांचे आकडे चिठ्ठीवर टिपून जवळ ठेवा.

डीसी उगाच चढवणं

नवा डीएम भीती वाटावी म्हणून सगळीकडे २० लावतो. +५ असलेल्या तयार पात्राला १५ चा चेक ५५ टक्के वेळा जमतो, २० चा फक्त ३० टक्के. बोनस नसलेल्याला २० म्हणजे वीसात एकदा. तेव्हा नेहमीच्या कामाला १५ पुरे. आकडा फासा पडण्याआधी कागदावर लिहा. फासा बघून डीसी हलवायची सवय खेळाडूंच्या फार लवकर लक्षात येते, आणि मग कुठल्याच निकालावर त्यांचा विश्वास राहत नाही.

चौघांनी लपायचं, चौघांनाही जमायला हवं

प्रत्येकाची शक्यता ५५ टक्के धरली तर चौघेही एकदम लपून जाण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के उरते. म्हणजे लपण्याचा बेत सुरू होण्याआधीच बुडाला. नियमांत यासाठी ग्रुप चेक आहे: निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं की सगळी टोळी पार. त्याच चौघांची शक्यता मग ७६ टक्क्यांवर जाते. कुलपासमोरच्या "मी बी बघतो" वरही उपाय आहे. दुसऱ्याने मदत करायची, आणि मुख्य माणसाने दोन फासे टाकून मोठा धरायचा. पुन्हा पुन्हा रांग लावायची नाही.

वीस पडला की स्किल चेक आपोआप जिंकला, असंही बरेच जण धरून चालतात. तो नियम हल्ल्याच्या फाशाचा आहे. घरचा नियम म्हणून ठेवायचा असेल तर ठेवा, पण पहिल्याच दिवशी सांगून.

खेळाडूची जीभ आणि पात्राची जीभ

आपल्या भागात ही चूक जास्त जपून बघावी लागते. आमच्यातल्या एकाचं दुकान खडेबाजारात आहे. मराठी, कन्नड, उर्दू, गिऱ्हाईक येईल तशी भाषा, आणि तिन्हींत तो समोरच्याला गुंडाळतो. त्याचं पात्र मात्र अडाणी योद्धा, करिश्मा (समोरच्यावर छाप पाडण्याचा गुण) ८, म्हणजे मॉडिफायर –१. नाक्यावरच्या शिपायाशी तो फर्डा कन्नड बोलला आणि मी फासा न मागता त्याला सोडून दिलं. शेजारी खानापूरची एक मुलगी बसली होती. बोलायला लाजणारी, पण तिने घेतलेली गाणारी बार्ड पर्स्वेजनला, म्हणजे समोरच्याला पटवण्याच्या स्किलला, +५ ची. त्या रात्री तिला बोलायची पाळीच आली नाही. तिने मेहनतीने भरलेला तो आकडा मी वाया घालवला.

आता मी दोन गोष्टी विचारतो: तुझं पात्र शिपायाला काय पटवतंय, आणि बदल्यात काय देतंय? हे अडखळत सांगितलं तरी चालतं. मुद्दा चांगला असेल तर डीसी खाली येतो. बोलणं किती ठसलं हे फासा ठरवतो. पात्राच्या कागदावर शिपायाची भाषा लिहिलेली नसेल, तर खेळाडूला कितीही येत असली तरी पात्राला ती येत नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा नाका आला. ती हळूच म्हणाली, "त्याला सांगते, तुझ्या आईसाठी औषध आणलंय." आदल्या भेटीत शिपाई आईच्या आजाराबद्दल बोलला होता, तेवढं एकटीच्या लक्षात राहिलं होतं. मी १५ खोडून १० लिहिला. तिचा फासा ४ वर थांबला, बेरीज ९. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिपायाने औषध घेतलं, अडसर वर केला आणि योद्ध्याची तलवार काढून आपल्या खोलीत ठेवली. "सकाळी येऊन घेऊन जा."