वीणेला चपडी पॉलिश: घासण्यापासून गवसणीपर्यंत

नाथषष्ठीला पैठणला जायची वीणा असेल तर चपडीच्या, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या, पॉलिशचं काम माघातच उरकावं. हवा कोरडी असते आणि ऊन अजून चढलेलं नसतं. वैशाखातल्या दुपारी स्पिरिट फडक्यातच उडतं, हात ओढला जातो. पावसाळी हवेत चपडीवर पांढुरकी झाक येते.

पॉलिश बिघडलं की चपडीला नावं ठेवतात, पण खोट बहुधा घासण्यात असते. 80 नंबरचा पॉलिश पेपर फक्त कोठी (वीणेचा पोकळ गोल भाग) आणि दांडीवरचे पटाशीचे, कानशीचे वण काढायला. तबलीला, म्हणजे कोठीवरच्या पातळ फळीला, तो लावूच नका. पुढे 120, 180, 240 आणि शेवटी 320. मधला नंबर गाळला तर 80 चे ओरखडे 240 ने जात नाहीत. कोरड्या लाकडावर ते लपतात, पॉलिशचा पहिला हात बसला की उठून दिसतात. म्हणून नंबर बदलण्याआधी पेन्सिलीने हलक्या आडव्या रेघा मारा. त्या सगळ्या पुसल्या गेल्या म्हणजे पेपर सगळीकडे फिरला. बॅटरीचा उजेड आडवा पाडून बघा. घासायचं ते लाकडाच्या रेषेनेच.

कोठीच्या गोलाईवर पेपर जुन्या स्लिपरच्या रबराला गुंडाळा, तबलीवर सपाट ठोकळ्याला. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ रेषा खोल जातात, तबली खालीवर होते. कडा लवकर झिजतात, तिथे हात हलका ठेवा. सागाची, शिसवीची धूळ नाकाला आणि कातडीला बाधते, मास्क बांधा.

240 झाल्यावर ओल्या फडक्याने अंग पुसा. लाकडाचे तंतू उभे राहतात. पूर्ण वाळले की 320 ने उतरवा. ओल्या लाकडावर फिका डाग राहिला तर ते सांडलेलं फेविकॉल. तिथे चपडी मुरत नाही, आधी खरवडून काढा.

100 ग्रॅम चपडी 500 मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा. लोखंडी डब्यात ती काळी पडते. मलमलीतून गाळा. कापूस सुती कापडात बांधून पुरचुंडी करा. ती ओलसर हवी, दाबली तर थेंब गळता कामा नये. लांब हात मारा आणि एका जागी थांबू नका. थांबलात की खालचा थर विरघळून उचलला जातो. चिकटायला लागली तर जवसाच्या तेलाचा एकच थेंब पुरचुंडीच्या तळाला लावा. दर दोन-तीन हातांनंतर तासभर वाळू द्या, 400 ने अलगद घासा. कोठी-दांडीला आठ-दहा हात, तबलीला तीन-चार पातळ पुरेत. जाड थराने आवाज दबतो. घोडी (तारा टेकतात तो तुकडा) बसते ती जागा आणि खुंटीचा भोकात जाणारा भाग कोराच ठेवा, नाहीतर खुंटी घसरते.

पांढरी झाक आलीच तर कोरड्या दिवशी स्पिरिटचं जेमतेम ओलं फडकं फिरवा, बहुतेक वेळा जाते. आषाढीच्या वाटेवर भिजणाऱ्या वीणेवर वरून मेणाचा हात द्यावा, कारण चपडीला पाणी सोसत नाही.

शेवटच्या हातानंतर आठवडाभर सावलीत टांगून ठेवा. घाईने गवसणीत घातली तर कापडाची वीण पॉलिशवर उमटते.